कमलाक्षीनं औषधाचं नाव सांगितलं

आमच्या कोरगावात कुणाचे डोळे पिवळे दिसले की लोक आधी कमलाक्षीकाकीचं दार गाठायचे, आणि मग वेळ उरला तर दवाखान्याचं. गाठायचे, असं म्हणते, कारण आता ते दार तसं राहिलं नाही. ते माझ्यामुळे, म्हणून मीच सांगते. गावातले दुसरे सांगतात तेव्हा मीठमसाला फार घालतात.

काकी आमच्या नात्यातली नाही, सगळ्या गावाचीच काकी. काविळीचं वखद तिला सासूकडून आलं होतं. वखद म्हणजे आमच्याकडे औषध. त्याचे नेम कडक. पैसे घ्यायचे नाहीत. कुठल्या झाडाचं ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की वखदाचा गुण गेला, कायमचा. आणि नेणाऱ्यानं आभार मानायचे नाहीत. आमच्याकडे कुणी पाण्याचा तांब्या दिला तरी 'देव बरें करूं' म्हणतात, पण काकीच्या दारात तेवढंही म्हणायची सोय नव्हती. वाटी उचलायची, पाठ फिरवायची आणि मागे न बघता चालू लागायचं. मी लहानपणापासून बडबडी, मला तर तो नेम शिक्षाच वाटायचा.

गेल्या वर्षीच्या आधीच्या दिवाळीत आमच्या ह्यांच्या, म्हणजे गोकुळदासांच्या, बरगडीखाली दुखू लागलं. काजूच्या बागेत दिवसभर राबणारा माणूस, अर्ध्या भाकरीवर उठायला लागला. म्हापशाला फोटो काढला आणि तिथून आम्हाला पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. यकृताचा कर्करोग, आणि तोही बराच पुढे गेलेला.

तिथल्या सर्जन डॉक्टर संजना, आमच्या गोव्यातल्याच डिचोली गावच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दारू घेता?"

हे असे भडकले की आजार विसरले. "आयुष्यात थेंब तोंडाक लावक नाय, डॉक्टरीणबाई! बोंडू माजे, दारू लोकांची."

बोंडू म्हणजे काजूचं फळ, त्याचीच आमच्याकडे दारू गाळतात; काजूची बाग असलेल्या माणसावर कुणाचा विश्वास बसतो? पण रक्त तपासलं तेव्हा कळलं की कधीतरी तरुणपणी होऊन गेलेली कावीळ आत दबा धरून बसली होती, तिनं हे केलं. हे आठवडाभर सगळ्या वाड्यावर सांगत सुटले, "आयकलास? दारूचां नाय!" जणू परीक्षेत पास झाले होते. मला मात्र हसावं की रडावं ते कळेना.

डॉक्टरांनी आम्हाला सगळं नीट समजावलं. गाठ अकरा सेंटिमीटरची आणि मोठ्या शिरेला टेकलेली. आत्ताच कापायला गेलं तर जेवढं यकृत उरेल तेवढ्यावर माणूस जगणार नाही. म्हणून आधी केमो. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट यकृतापर्यंत न्यायची आणि औषध गाठीच्या तोंडाशीच सोडायचं. असं तीन वेळा. गाठ आखडली की ऑपरेशन. आणि त्यानंतर पुन्हा केमो, मागे डोळ्यांना न दिसणारं काही राहिलं असेल तर त्याच्यासाठी.

"नुसत्या केमोनं ही जाणार नाही आणि नुसत्या सुरीनंही नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही लागतील. आणि दोन्ही सोसायला यकृताचा चांगला भाग धडधाकट राहायला हवा. सगळं त्याच्यावर आहे."

हे म्हणाले, "घरावर इललो खांदो आमी आदी पालो-टाळे छाटून हलको करतंव, मगे तोडतंव. तसांच मां?"

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ही बाई आमचं माणूस परत देईल.

पहिली खेप डिसेंबरात झाली. दोन दिवस ताप, उलट्या, मग हळूहळू पेज उतरू लागली. जानेवारीत दुसरी झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी, पाववाला पोदेर उंडे देऊन गेला तेव्हा खिडकीच्या उजेडात मी ह्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. पिवळे.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की थोडं पिवळं होईल, आपोआप उतरेल, जास्त वाटलं तर फोन करा. आमची मुलगी तनया हरमलला एका गेस्ट हाउसमध्ये रूमचं बुकिंग बघते, इंग्रजी-हिंदी फाडफाड बोलते, तिनं लगेच फोन लावला असता. पण मी तिलाही सांगितलं नाही. पिवळे डोळे दिसले आणि माझे पाय आपोआप काकीच्या वाटेला लागले. माझ्या चोपन्न वर्षांच्या आयुष्याची सवय होती ती.

"कोणाक?" काकीनं विचारलं.

"घोवाक. डोळे पिवळे झालेत."

"आणि काय दुखणां आसा?"

"दुसरां काय नाय," मी म्हणाले.

गाठीचं गावात आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. 'पोटाचं दुखणं' म्हणून चालवलं होतं. आणि मनात हेही होतं की गाठीचं कळलं तर काकी वखद देणार नाही. तिनं वाटून आणलेली वाटी मी उचलली आणि मागे न बघता घरी आले. सात सकाळी सात वाट्या. ह्यांना सांगितलं, "शक्तीचां आसा, पिया." हे प्याले. माझ्या हातचं विषसुद्धा हे न विचारता पितील, आणि तेच मी देत होते हे मला ठाऊक नव्हतं.

डोळे उतरले. ते तसेही उतरणारच होते, पण मी ते श्रेय वाटीला दिलं. फेब्रुवारीत तिसरी खेप झाल्यावर पुन्हा जरा पिवळेपणा दिसला, तशी मी पुन्हा गेले. काकीनं विचारलं, "परत झाली?" मी म्हटलं, "परत." ती आत गेली. या वेळी मी चौदा दिवस आणलं.

मार्चच्या सुरुवातीला तपासणी होती. डॉक्टर संजनांनी फोटो उजेडाला लावला आणि त्यांचा चेहरा फुलला. अकराची गाठ सहावर आली होती आणि शिरेपासून सुटली होती. "आता काढता येईल," त्या म्हणाल्या. बारा तारीख ठरली. तनयानं तिथंच मला मिठी मारली.

दोन दिवसांनी रक्ताचे रिपोर्ट आले आणि आम्हाला पुन्हा बोलावलं. डॉक्टरांसमोर कागद होता.

"गाठीवर औषध चाललं, पण यकृताचा चांगला भाग थकलाय. आकडे चौपट चढलेत. जुनी कावीळ उठलीय का तेही पाहिलं, ती नाही. म्हणजे केमोच सोसलेली दिसत नाही. अशा यकृतावर मी सुरी चालवली तर उरलेलं काम करणार नाही. आणि केमोही पुढे देता येणार नाही." मग त्यांनी विचारलं, "बाहेरचं काही औषध चालू आहे? काढा, पाला, चूर्ण, काहीही?"

हे म्हणाले, "नाय."

तनया म्हणाली, "नाही, डॉक्टर."

माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं आणि मीही म्हटलं, "नाय."

का म्हटलं, ते आज इतक्या दिवसांनी सांगते. भीती वाटली. नवऱ्यापेक्षा मला त्या क्षणी माझ्या अब्रूची चाड जास्त होती. याहून वाईट गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. तनया चहा आणायला गेली. हे आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाले, "बरां झालां गो. बोंडवांच्या दिसांत घराकडे तरी आसतलंय. यंदा मोहर चांगलो आसा." आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मला धीर द्यायला! ज्या माणसाला मी वाटीवाटीनं मागे ढकलत होते, तोच मला थोपटत होता.

मी उठले आणि दार न वाजवता डॉक्टरांच्या खोलीत गेले. आत दुसरा पेशंट होता, त्याच्यासमोरच बोलले. "मी खोटां बोललंय. वखद दिलांहा मी. एकवीस दीस. ह्येंका म्हायत नाय, चेडवाक म्हायत नाय."

मला वाटलं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, ही वाईट बातमी नाही. केमोमुळे झालं असेल तर माझे हात बांधलेत. त्या औषधामुळे झालं असेल तर ते थांबवून वाट बघता येईल. पण ते कशाचं होतं, किती होतं, ते मला कळलं पाहिजे. अंदाजानं मी त्यांना टेबलावर घेणार नाही."

ते तर मलाच ठाऊक नव्हतं. ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला विचारायचं नसतं.

घरी परतल्यावर मी ह्यांना आणि तनयाला सांगितलं. तनया दोन तास माझ्याशी बोलली नाही. हे एवढंच म्हणाले, "कडू खूप होतां गो. शक्तीचां इतक्यां कडू नसता, माका तेवाच समजाक होयां होतां." मग म्हणाले, "जा. पण तिका भरीस घालू नको."

काकी अंगणात आमसुलं वाळत घालत होती. मी काही लपवलं नाही. गाठ, केमो, ऑपरेशन, एकवीस वाट्या, सगळं ओतलं. तिचे हात थांबले.

"गाठीचां माका कित्याक सांगूक नाय?"

"तू वखद दिलां नसतंस, म्हणान."

"नसतांच दिलां!" तिचा आवाज असा चढला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. "गाठ आसलेल्याक माजी सासू दी नव्हती, मीय देणंय नाय. म्हणान तर विचारतंय, आणि काय दुखणां आसा? तो प्रश्न काय गजालींक आसा? तुया माज्या हातान तेका मारूक बगलंस!"

मी खाली मान घालून उभी राहिले. अर्धं मी डॉक्टरांपासून लपवलं, अर्धं हिच्यापासून. दोघींपैकी एकीला जरी पुरतं सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती.

मग काकी म्हणाली, "नाव सांगलां तर काय जाता, म्हायत आसा मां?"

"म्हायत आसा."

"सासू मरताना माज्या कानात सांगून गेली. मी सुनेच्या कानात सांगूचां म्हणान थांबलंय." तिनं आमसुलांवर फडकं घातलं. "घोवाचां वय काय तुज्या?"

"अठ्ठावन्न."

ती उठली. कमरेवर हात ठेवून घरामागे गेली आणि थोड्या वेळानं मातीनं भरलेल्या हातात एक अख्खं झाड घेऊन आली, मुळापासून पानापर्यंत. ते ओल्या फडक्यात गुंडाळलं. "नुसतां नाव सांगून काय उपेग? डॉक्टरांका बगूक नको?" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "उद्या सकाळची पयली बस कितक्याक?"

दुसऱ्या दिवशी ती चांगलं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून बसस्टॉपवर माझ्या आधी हजर होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. म्हापशाला बस बदलली. पणजीपर्यंत ते झाड तिनं मांडीवर धरलं होतं. मी घेऊ का म्हटलं तर नुसता हात झटकला.

डॉक्टर संजनांनी तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. काकीनं मेजावर फडकं सोडलं आणि त्या झाडाचं नाव सांगितलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू येईल असं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते तिनं दिलं आणि ज्याला द्यायचं त्यालाच दिलं.

"बोटभर मूळ, सात पानां, दुदात वाटून," ती सांगत होती आणि डॉक्टर लिहून घेत होत्या. "दुसऱ्या खेपेक मूळ दुप्पट घातलंय. ही म्हणाली कावीळ परत इली म्हणान."

सांगून झाल्यावर तिनं आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले आणि ते पदराला पुसले.

डॉक्टर म्हणाल्या, "काकी, साध्या काविळीत हे कसं वागतं ते मी सांगू शकत नाही. पण गोकुळदासांचं यकृत आधीच आजारी, त्यावर केमोचा भार. त्याला हे जड गेलं असणार. आता हे बंद. तीन आठवडे थांबू, दर आठवड्याला रक्त बघू. आकडे उतरले तर मी ऑपरेशन करीन."

काकीनं मान हलवली. डॉक्टर उठल्या, त्यांचे ओठ उघडले आणि पुन्हा मिटले. डिचोलीची मुलगी ती, वखदवाल्या बाईशी काय बोलायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. काकीचा हात धरून त्या तिला फाटकापर्यंत सोडायला आल्या, बाहेर पेशंटांची रांग लागलेली असताना.

पहिल्या आठवड्यात आकडे तसूभर हलले. दुसऱ्यात निम्मे झाले. तिसऱ्या आठवड्यात तनयाच्या फोनवर डॉक्टरांचा एकच शब्द आला, "या."

ऑपरेशनला सात तास लागले. यकृताचा उजवा भाग गाठीसकट काढला. डावा राहिला, आणि तो वाढतो म्हणे, महिन्या-दोन महिन्यांत जवळजवळ पुरता भरून येतो. देवानं माणसाच्या पोटात अशी एक वस्तू ठेवली आहे हे मला चोपन्न वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी ह्यांनी पेज मागितली आणि वर "लोणच्याची फोड घाल गो" म्हणाले, तेव्हा मी वॉर्डातल्या नर्सबाईच्या गळ्यात पडून रडले. जून-जुलैत नळीची केमो आणखी दोनदा झाली. दोन्ही वेळा डोळे जरा पिवळे झाले, आणि दोन्ही वेळा मी फोन केला. इतका केला की शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, आता मी तुम्हाला करते."

दरम्यान गावात काकीच्या दारातली गर्दी आटली. लोक आले तर ती सरळ सांगायची, "माजां वखद सोंपलां. आरोग्य केंद्रात जा, रगत तपासून घे." कुणी कुणी मला तोंडावर म्हटलं की विनोदिनी, तूच गावचं वखद घालवलंस. मी म्हटलं, होय, घालवलं, आणि त्या बदल्यात एक माणूस आणला, बघायचा असेल तर बागेत आहे. पण रात्री अंथरुणावर पडले की मला काकीचे ते पदराला पुसलेले हात आठवायचे. त्या बाईनं माझ्या चुकीसाठी आपलं होतं नव्हतं ते मेजावर ठेवलं होतं, आणि मी तिला एक शब्द बोलू शकत नव्हते.

या फेब्रुवारीत पुन्हा फोटो काढला. गाठ कुठंच नाही. "दर तीन महिन्यांनी यायचंच आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण आज पोटभर जेवा."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः पहिले ओले काजूगर काढले. पूर्वी तासाला टोपली भरायचे, आता सकाळ गेली. ती टोपली घेऊन आम्ही दोघं काकीकडे गेलो. ती पायरीवर बसली होती. मी टोपली तिच्यापुढे ठेवली, जीभ दाताखाली धरली, आणि नेमाप्रमाणे पाठ फिरवली. हेही वळले.

"खंय चललात?" मागून आवाज आला.

मी वळले नाही. "नेम आसा मां, काकी."

"नेम वखदाचो. वखद गेलां, आता कसलो नेम?" ती म्हणाली. "पन्नास वर्सां ह्या पायरेर बसून लोकांच्या पाठीच बगलंय मी. बरो झाललो माणूस तोंडार कसो दिसता, तां माका म्हायत नाय."

आम्ही वळलो. हे पुढे झाले, सदरा सैल झालेला, गाल आत गेलेले, पण डोळे पांढरेशुभ्र. त्यांनी हात जोडले. "देव बरें करूं, काकी."

काकीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी तर आयुष्यभराची बडबडी, पण ते तीन शब्द बाहेर काढायला मला पायरीवर बसावं लागलं.

"देव बरें करूं," मी म्हणाले.

तिनं टोपली मांडीवर ओढून घेतली, एक काजूगर बोटांत धरून सोलू लागली, आणि मान वर न करता म्हणाली, "परत म्हण."